कोऱ्या वेष्टनातल्या पोथ्या

निवृत्त झाल्यावर मी खेड्यापाड्यांत पुस्तकांचे फोटो काढत फिरते, असं माझी धाकटी जाऊ आल्यागेल्याला सांगते. त्यात चूक काही नाही, फक्त कॅमेरा माझ्या हातात क्वचितच असतो. वाशीमच्या एका महाविद्यालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले आणि पहिल्याच महिन्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांचं वर्गीकरण करून टाकलं. मोहरीचा डबा कुठल्या फळीवर सापडेल हे विचारून विचारून आमचे हे वैतागले. तेवढ्यात एका संस्थेनं जिल्ह्यातल्या जुन्या ग्रंथालयांमधलं दुर्मीळ साहित्य डिजिटल करून ठेवायचं काम काढलं आणि त्याचं नियोजन माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं असं आपण म्हणायचं, खरं म्हणजे मी मान पुढे करूनच बसले होते.

हे काम म्हणजे काय, ते आधी सांगते, नाहीतर तुम्हीही आमच्या जावेसारखे म्हणाल की झेरॉक्सवाल्याकडे का नाही देत. फोटो काढणं हा या कामातला शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग. स्वयंपाकात जसं निवडणं, धुणं, चिरणं यातच सकाळ जाते आणि फोडणी मिनिटभरात होते, तसंच इथं. आधी ठरवायचं की काय घ्यायचं आणि काय सोडायचं. मग प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्यायचा, आणि त्या वस्तूच्या प्रत्येक फोटोला तोच क्रमांक लावायचा. फोटो कितीही सुंदर निघू द्या, तो कशाचा आहे हे कळलं नाही तर तो असून नसल्यासारखा. मग सगळे फोटो तपासायचे, राहिलेली पानं पुन्हा घ्यायची आणि सगळ्याच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या गावी ठेवायच्या. हे सगळं मी सांगितलं की समोरचा माणूस मान हलवतो आणि म्हणतो, "म्हणजे स्कॅनच ना?"

काय घ्यायचं, यावर तर दर गावात नव्यानं वाद. मानोऱ्याकडच्या एका गावात वाचनालयाचे अध्यक्ष हट्टाला पेटले की आमच्या सगळ्या कादंबऱ्या मोबाइलवर आल्या पाहिजेत. मी म्हटलं, अहो, या कादंबऱ्या अख्ख्या महाराष्ट्रात मिळतात, आणि लेखकांचे हक्क असतात त्यावर, असं करता येत नाही. तुमच्याकडे असं काय आहे जे दुसरीकडे कुठंच नाही? ते म्हणाले, काहीच नाही. चहा झाला, मी निघाले, आणि सहज कपाटावर नजर गेली तर वर एक गाठोडं. गावातल्या तरुण मंडळींनी एकेकाळी दर दिवाळीला हातानं लिहून, हातानं चित्रं काढून बांधलेले अंक होते ते. एकाच प्रतीचे, घरोघर फिरलेले, हळदीच्या बोटांचे डाग पडलेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अध्यक्षांचीच एक कविता त्यात निघाली, तेव्हा कादंबऱ्यांचा विषय त्यांनी आपणहून सोडला.

दुसऱ्या एका वाचनालयात जुन्या साप्ताहिकाच्या बांधीव फायली होत्या. आमच्या भागातल्या बातम्या त्यात छापून यायच्या, बाजारभाव, नाटकं, पुराची हकिकत. फाइल उघडली तर प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानाला एक सुबक चौकोनी खिडकी. कुणीतरी शब्दकोडी कापून नेली होती आणि त्यांच्याबरोबर पाठीमागच्या बातम्याही गेल्या होत्या. कुणी नेली हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. निवृत्त गुरुजी होते ते, वयानं नव्वदीकडे झुकलेले. कात्रणं त्यांनी ट्रंकेत जपून ठेवली होती, पण द्यायला तयार होईनात. शेवटी खरी अडचण बाहेर आली. म्हणाले, मागची बाजू खुशाल घ्या, पुढची घेऊ नका, काही कोडी चुकलेली आहेत. आम्ही तसा शब्द दिला आणि पाळला. गुरुजींची कोडी आजही जगापासून सुरक्षित आहेत.

आम्ही म्हणजे तिघं. कॅमेऱ्यावर गजानन. हा पूर्वी लग्नाचे फोटो काढायचा, त्यामुळे सुरुवातीला पुस्तकाच्या पानावरही नवरीवर टाकावा तसा प्रकाश टाकायचा आणि अक्षरं चकाकून जायची. आता त्याचा हात इतका बसला आहे की वाळवीनं चाळणी केलेलं पानसुद्धा तो न हलवता टिपतो. नोंदी आणि तपासणी सुनीताकडे. ती मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची. आई-वडील दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि ही मावशीकडे राहून शिकली, ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली. बोलायला फटकळ आहे आणि कामाला चोख. मला अशीच माणसं आवडतात, कारण मीही काही मऊ नाही.

आता ज्या कामाबद्दल मला खरं सांगायचं आहे ते सांगते. शिरपूरच्या बाजूला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, गावकऱ्यांना आवडायचं नाही. तिथं छोटं जैन मंदिर आहे आणि मंदिराच्या मागच्या खोलीत पोथ्यांचं भांडार. लाकडी कपाटं, कपाटांत हातानं लिहिलेल्या सुट्या पानांच्या पोथ्या. प्रत्येक पोथीच्या वर-खाली लाकडाची एकेक पातळ फळी आणि त्यावर गुंडाळलेलं सुती कापड. त्या कापडाला वेष्टन म्हणतात. भांडाराची चावी पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात होती आणि आमच्या वेळी ती मोतीभाऊंकडे होती. किराणा दुकान आणि थोडी शेती असलेला साधा माणूस. चावी ते कमरेच्या करदोड्याला बांधत. दुकानातल्या गल्ल्याची किल्ली ते कुठंही विसरत, पण ही कधी विसरले नाहीत.

भांडाराचं डिजिटल काम व्हावं, ही इच्छा मोतीभाऊंचीच. एका वर्षी पूजेला एक पोथी काढली, फळी उचलली, तर आतून पानांऐवजी नुसता भुगा पडला. कसर लागली होती. तो भुगा त्यांनी ओंजळीत धरला होता, हे सांगताना मोतीभाऊ अजूनही आपल्या हातांकडे बघायचे. पण मंदिराच्या सभेत त्यांचं म्हणणं सहज मान्य झालं नाही. धन्नूशेठ नावाचे एक वडीलधारे विश्वस्त आहेत, बोलायला तिखट. ते म्हणाले की बाहेरची माणसं आत आली की पोथ्या हलणार, अदलाबदल होणार, आणि मग निस्तरणार कोण? त्यावर मोतीभाऊ उभे राहिले.

"एक पोथी जरी इकडची तिकडं झाली ना, तं ही चावी म्या इथंच, सगळ्यायच्या समोर ठेवून देईन."

मी मागे बसले होते. मला ते अजिबात आवडलं नाही. कामाचं नियोजन करणाऱ्या माणसानं कधीही अशी भाषा करू नये. आम्ही प्रत्येक वेळापत्रकात उशिराची, चुकांची जागा धरून ठेवतो. मोतीभाऊंनी आपल्या शब्दात अशी जागाच ठेवली नव्हती. पण त्या शब्दावरच परवानगी मिळाली, हेही खरं.

परवानगीबरोबर अटी आल्या. पोथी खोलीबाहेर जाणार नाही. हात लावणाऱ्यानं अंघोळ करून धुतलेलं धोतर किंवा पातळ नेसायचं, चामड्याची कुठलीही वस्तू आत नाही. गजाननला पट्टा काढावा लागला, घड्याळ काढावं लागलं आणि कॅमेऱ्याच्या चामडी पट्ट्याच्या जागी परकराची नाडी बांधावी लागली. धोतर आणि उपरणं अशा वेषात तो कॅमेऱ्यामागे उभा राहिला, तेव्हा सुनीता म्हणाली, "आता फक्त तुझंच लगन लावाचं राह्यलं." तो चिडला नाही, उलट घरी दाखवायला स्वतःचाच एक फोटो काढून घेतला.

सगळ्यात मोठी अट क्रमांकाची. पानावर खूण करायची नाही, फळीवर चिठ्ठी चिकटवायची नाही, शाई नाही, डिंक नाही. अटी रास्तच होत्या, आम्हीही पानावर कधी काही लिहीत नाही. मग क्रमांक लावायचा कशाला? मोतीभाऊ म्हणाले, कापडावर काय पाहिजे ते करा. सुनीतानं सुती पट्ट्यांवर क्रमांक लिहिले आणि प्रत्येक वेष्टनाच्या कोपऱ्याला दोन-दोन टाके घालून पट्टी शिवली. कपाटात पोथ्या कशा ओळीनं ओळखू येऊ लागल्या. मला तर ती युक्ती इतकी आवडली की संस्थेला पाठवलेल्या अहवालात मी तिचं कौतुक लिहिलं.

काम छान चाललं. अर्ध्याच्या आसपास पोथ्या झाल्या आणि ज्येष्ठ महिना आला. मोतीभाऊ म्हणाले की श्रुतपंचमी आहे, तेव्हा चार दिवस काम बंद ठेवू. श्रुतपंचमी म्हणजे शास्त्रांच्या पूजेचा दिवस, एवढं मला ठाऊक होतं. मी विचारलं, त्या दिवशी काय काय असतं? ते म्हणाले, पूजा असते. मी अकोल्याला लेकीकडे गेले, गजाननला एक लग्न मिळालं, सुनीता तांड्यावर गेली.

परत आलो त्या दिवशी मोतीभाऊंनी भांडार उघडलं आणि आम्ही दारातच थांबलो. सगळ्या पोथ्या कोऱ्या केशरी कापडात. वेखंडाचा वास, खळीचा वास, कपाटं पुसून लख्ख केलेली. दृश्य इतकं देखणं होतं की मला आधी आनंदच झाला. मग सुनीता पुढे गेली, एका पोथीचा कोपरा पाहिला, दुसरीचा पाहिला, तिसरीचा पाहिला आणि माझ्याकडे वळली. एकाही कोपऱ्याला पट्टी नव्हती.

श्रुतपंचमीला वेष्टनं बदलतात. पोथ्यांना ऊन दाखवतात, झटकतात, कपाटं पुसतात आणि नव्या कापडात बांधतात. गावातल्या बायका हे काम फार मायेनं करतात आणि आपापल्या आजीपासून करत आल्या आहेत. दिवाळीत घर झाडतात हे कुणी पाहुण्याला मुद्दाम सांगतं का? तसंच मोतीभाऊंच्या मनातही आलं नाही. आणि मी एवढी नियोजनवाली, मी 'पूजा' हा शब्द ऐकला आणि पुढचं विचारलंच नाही. आता माझ्या प्रश्नांमध्ये पहिला प्रश्न हाच असतो की या वस्तूंना वर्षभरात कोण, कधी आणि कशासाठी हात लावतं.

तेवढ्यात कमलकाकू आल्या. या मोतीभाऊंच्या वहिनी, थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. बायकांच्या मंडळाच्या त्या पुढारी. हातात श्रीखंडाचा रिकामा डबा होता आणि चेहऱ्यावर काम नीट पार पाडल्याचं समाधान. त्यांनी डबा सुनीतापुढे धरला. आत आमच्या सगळ्या पट्ट्या होत्या. उसवलेल्या, धुतलेल्या, इस्त्री केलेल्या आणि एकावर एक नीट रचलेल्या.

"तुमच्या हायेत ना ह्या? एकबी हरवू देल्ली नाई," कमलकाकू म्हणाल्या.

सुनीताला एरवी उत्तर सुचलं नाही असं होत नाही. त्या दिवशी तिनं डबा घेतला आणि "बरं केलं काकू" एवढंच म्हणाली. मला तिचा फार अभिमान वाटला.

मोतीभाऊ पायरीवर बसले होते. काय झालं ते त्यांना कळायला वेळ लागला नाही. क्रमांक गेले म्हणजे कुठल्या पोथीचे फोटो झाले आणि कुठल्या राहिल्या, हे कळायला मार्ग नाही. ऊन दाखवताना पोथ्यांचा कपाटातला क्रमही बदललेला. नावावरून ओळखावं तर एकेका पुराणाच्या, एकेका पूजेच्या पाच-सहा प्रती, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या. म्हणजे पोथ्या इकडच्या तिकडं झाल्या होत्या. चातुर्मासाच्या आधी मंदिराची सभा ठरलेली होती, आणि गाव एवढंसं. संध्याकाळपर्यंत धन्नूशेठच्या कानावर गेलंच.

मी मोतीभाऊंना म्हटलं की सभेत मी सांगते, नियोजन आमचं होतं, चूक आमची आहे, तुमचा काही संबंध नाही. ते ऐकेनात.

"शब्द म्या देल्ला होता मॅडम, तुमी नाई."

खरं सांगते, मला त्यांचा राग आला. एवढं काय धरून बसायचं? पण त्या घरात ती चावी कशी सांभाळली गेली होती, ते मी बघत होते. आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून त्यांच्याकडे. ती आपल्या हातून जाणार, या विचारानं त्यांचा घास उतरत नव्हता. दोन दिवसांत माणूस उतरलेला दिसायला लागला. मला फार वाईट वाटत होतं आणि ते रागातून बाहेर पडत होतं.

उपाय एकच होता. ज्या पोथ्या झाल्या होत्या त्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या पानांचे फोटो कागदावर काढायचे, कपाटातली एकेक पोथी उघडायची आणि अक्षर, ओळी, डाग, भोकं ताडून बघायची. जुळली की जुना क्रमांक, नाही जुळली तर ती राहिलेली. गजाननचं म्हणणं होतं की सगळंच पुन्हा काढू. पण तेवढा वेळ नव्हता आणि जुन्या पानांना विनाकारण दुसऱ्यांदा हाताळायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. ताडून बघणंही सोपं नाही. त्या लिखाणात दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, सगळी ओळ सलग. आम्हा तिघांना एका पानाला अर्धा तास लागे. सभेपर्यंत एक कपाटही झालं नसतं.

हे सगळं कमलकाकू खांबाला टेकून ऐकत होत्या. आपण इस्त्री केलेल्या पट्ट्यांनी काय घोळ केला, ते एव्हाना त्यांना समजलं होतं. रडल्या नाहीत, माफीही मागितली नाही. म्हणाल्या की दुपारी आमचं मंडळ अशाच पुराणांचं छापील पुस्तक घेऊन वाचायला बसतंच, तेव्हा आम्ही बसतो. सोडल्या आम्ही, जुळवूनही आम्हीच देऊ.

यावर मोतीभाऊ जरा घुटमळले. वेष्टन बदलताना पोथी बायकांच्याच हातात असायची, पण फळी उचलून आतलं पान पाहायची रीत नव्हती. कुणी मनाई केली होती असं नाही. कुणी कधी पाहिलं नव्हतं, एवढंच. रीत आणि नियम यांत फरक असतो आणि तो फरक गावात कुणी बोलून दाखवत नाही. मोतीभाऊंनी कमरेची चावी चाचपली आणि म्हणाले, "बसा वयनी."

त्या दुपारी मी कधी विसरणार नाही. नोकरीत मी कितीतरी वाचनकक्ष सांभाळले, शिस्त लावली, शांतता राखा म्हणून पाट्या लावल्या. पण इतकं मन लावून वाचणारी माणसं मला क्वचितच दिसली. धुतलेल्या पातळातल्या सात-आठ बायका, पाटावर पोथी, शेजारी आमचे कागद. पहिल्या दिवशी एकेक अक्षर लावत होत्या, जशी मुलं बाराखडी लावतात. तिसऱ्या दिवशी ओळी वाचायला लागल्या. मग वाद सुरू झाले. हे अक्षर त्याच माणसाचं आहे, याची वेलांटी बघ कशी वाकडी. छे, तो शाई कमी वापरतो. लिहिणाऱ्यांना त्यांनी नावं ठेवून टाकली. एक 'घाईवाले', एक 'गोल गोल वाले'. मधेच कुणीतरी गोष्टीत अडकायचं आणि ताडून बघायचं विसरून पुढचं पान वाचत बसायचं. सुनीता दटावायची, मग स्वतःच विचारायची की पुढं काय झालं.

पोथीच्या शेवटच्या पानावर ती कुठे लिहिली, कुणी लिहिली, कुणासाठी लिहिली, असं दोन-चार ओळींत असतं. एके दिवशी कमलकाकू तशा एका पानापाशी थांबल्या. बोट न टेकवता, हवेतच बोट फिरवत त्यांनी पुन्हा वाचलं. शेवटी एका बाईचं नाव होतं आणि पुढे 'पठनार्थ' असं होतं. म्हणजे त्या बाईनं वाचावी म्हणून ती पोथी लिहवून घेतली होती. कमलकाकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"अव, हे तं वाचाले देल्ली होती," त्या म्हणाल्या. "आन आपण दरसाल कापड बदलून ठेवून देत राह्यलो."

मग सगळ्याजणी जुळलेल्या पोथ्यांची शेवटची पानं पुन्हा बघायला लागल्या. अशी आणखीही काही निघाली. त्या दिवशी काम कमी झालं आणि मी कुणाला घाई केली नाही.

सभेच्या आदल्या दिवशी सगळं जुळलं. शेवटी दोन पोथ्या राहिल्या होत्या, एकाच पुराणाच्या आणि एकाच हातच्या, त्यांनी आम्हाला रडवलं. पण एकीच्या कडेला दिव्याच्या तेलाचा डाग होता, तो फोटोत गजाननला दिसला. कमलकाकूंनी स्वतः प्रत्येक नव्या वेष्टनाला पट्टी शिवली आणि सुनीतानं तपासली. यापुढे वेष्टन बदललं की जुन्या कापडाची पट्टी उसवून तिथल्या तिथे नव्यावर शिवायची आणि मगच दुसरी पोथी सोडायची, असंही ठरलं. मोतीभाऊ कितीतरी दिवसांनी नीट जेवले, असं त्यांच्या घरून कळलं. मला वाटलं, आटोपलं. आता सभेत सांगायचं, सगळं जागच्या जागी आहे.

सभा दुपारी होती. सभामंडपात एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, आम्ही तिघं भिंतीशी. मी कामाची माहिती दिली. मग धन्नूशेठनी सरळ विचारलं, पोथ्या इकडच्या तिकडं झाल्या होत्या की नव्हत्या? मी तोंड उघडणार तेवढ्यात मोतीभाऊ उभे राहिले.

"झाल्या होत्या," ते म्हणाले. "आता जुळल्या. पन झाल्या होत्या."

आणि त्यांनी करदोड्याची गाठ सोडायला घेतली. गाठ जुनी, घट्ट बसलेली, लवकर सुटेना. सगळी सभा त्यांच्या हातांकडे बघत होती. कुणी म्हणालं, राहू द्या मोतीभाऊ. त्यांनी ऐकलं नाही. गाठ सुटली, चावी त्यांनी सतरंजीवर मधोमध ठेवली आणि हात जोडून खाली बसले. माझे डोळे भरून आले. या माणसानं पोथ्या वाचाव्यात म्हणून एवढं केलं आणि शेवटी हे त्याच्या वाट्याला यावं, असं मला वाटलं. धन्नूशेठसुद्धा गडबडले. त्यांना जिंकायचं होतं, पण हे नको होतं. मी काय असं म्हणून राह्यलो का, असं ते शेजाऱ्याला हळूच म्हणाले. चावीला हात लावायला कुणी पुढे येईना. एकही विश्वस्त नाही. ती सतरंजीवर पडून राहिली.

बायकांच्या बाजूनं कमलकाकू उठल्या. पदर खोचला आणि सतरंजीच्या कडेपर्यंत आल्या.

"ठेवली ना भाऊजी?" त्यांनी विचारलं.

मोतीभाऊंनी वर न बघता मान हलवली.

"मंग आमाले द्या. आमाले दुपारी लागते."

त्यांनी कुणाच्या उत्तराची वाट पाहिली नाही. वाकून चावी उचलली, पदराच्या टोकाला बांधली आणि मागच्या खोलीकडे चालू लागल्या. त्यांच्यामागे एकेक करून बाकीच्या बायका उठल्या. कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग कपाटाचा. सभेतले पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. कुणीतरी पुढचा विषय काढायचा प्रयत्न केला, पण आतून वाचायचा आवाज सुरू झाला होता. आधी अडखळत, मग सलग. थोडा वेळ मोतीभाऊ तसेच बसून ऐकत होते. मग ते उठले, मोकळ्या कमरेवरचं धोतर सारखं केलं आणि भांडाराच्या दाराशी जाऊन खाली बसले. कमलकाकूंनी वाचता वाचता त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना नीट ऐकू जावं म्हणून आवाज थोडा चढवला.